राहू दे, बरं वाटतंय

सूर आणि मन : लेखांक ७

वडील गेले त्या वर्षी आई दुपारी लसूण सोलत रेडिओ ऐकायची. उडत्या चालीचं गाणं लागलं की उठून आवाज बारीक करायची. विरहाचं भावगीत लागलं की मात्र तिचे हात थांबायचे, डोळे भरून यायचे. मी धावत जाऊन रेडिओ बंद करायला लागलो की म्हणायची, "राहू दे रे, बरं वाटतंय." रडताना बरं कसं वाटतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

गेल्या लेखात आपण ठेक्याबद्दल बोललो. आज या बरं वाटण्याबद्दल.

बर्लिनमधल्या लिला तारुफी आणि स्टेफान कोल्श या संशोधकांनी ७७२ जणांकडून दुःखी संगीताविषयी माहिती घेतली. त्यांचा लेख २०१४ साली आला. असं संगीत ऐकून सर्वांत जास्त जाणवते ती जुन्या आठवणींची हुरहुर, असं त्यात दिसलं. दुःख त्यापेक्षा कमी. मन खचलेलं असताना, एकटं वाटत असताना लोक अशी गाणी मुद्दाम लावतात, हेही दिसलं. प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे दिलासा मिळत असावा, असाही एक तर्क मांडला गेला होता; पुढच्या प्रयोगात त्याला आधार मिळाला नाही.

मला आपल्याकडची जुनी मांडणी अधिक पटते. नाट्यशास्त्रात शोक हा स्थायीभाव आणि करुण हा रस, असे दोन शब्द आहेत. शोक ज्याचा त्याचा असतो. तोच रसात उतरला की ना नटाचा राहतो, ना प्रेक्षकाचा. रसाची मीमांसा करणाऱ्या भट्टनायकाने याला साधारणीकरण म्हटलं. दुःख कुणा एकाचं उरत नाही, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो.

पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांना हे शास्त्र न वाचताच ठाऊक होतं. सासुरवास, माहेरची ओढ, हातचं गेलेलं लेकरू, दिवसा कुणापाशी बोलायची सोय नव्हती ते सगळं ओवीत यायचं. एकाच खुंट्याला दोघींचे हात, पिठाची धार पडतेय, एकीची ओवी संपते तिथे दुसरी आपली ओवी लावते. ती ओवी अनेकदा आईकडून, आजीकडून आलेली असायची. म्हणजे आज जे माझ्या वाट्याला आलंय, ते माझ्याआधी कुणीतरी सोसलंय आणि गाऊन ठेवलंय. आई रेडिओपाशी थांबायची ती याच सोबतीसाठी, असं आता वाटतं.

मात्र एकाच विचारात घुटमळत राहणाऱ्या माणसाला अशी गाणी आणखी खोल नेऊ शकतात. तिथे गाण्यापेक्षा माणूस जवळ हवा.

जात्यावरच्या ओव्यांचे अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. तरीही कितीतरी अजून फक्त कुणाच्या तरी आजीच्या तोंडी आहेत. तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर या आठवड्यात तिच्याजवळ बसा आणि गायला सांगा. मध्येच तिचे डोळे भरले, तर थांबवू नका.