केनियांत बिऱ्हाड करतांना

दर वर्षीं ईशान्येचा वारा सुटला कीं कच्छ-काठेवाडचीं गलबतें शिडें उभारून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघत, आणि पुढें दक्षिणेकडचा वारा लागला कीं परत येत. या वाऱ्यांना तिकडे ‘कस्काझी’ व ‘कुसी’ अशीं नांवें आहेत. आज मुंबईहून नैरोबीस विमान सुमारें सहा तासांत पोंचतें. प्रवास असा सोपा झाला; परंतु परक्या देशांत संसार मांडण्याचें काम पूर्वीइतकेंच विचाराचें राहिलें आहे. ज्या श्रोत्यांचीं मुलें अगर सुना-जांवई नोकरीनिमित्त केनियास निघालीं असतील, त्यांना या देशाची थोडी ओळख उपयोगी पडावी.

प्रथम कागदपत्रें. नोकरी करावयाची तर कामाचा परवाना लागतो. या कामास स्थानिक मनुष्य मिळत नाहीं असें मालकानें सरकारास दाखवावें लागतें. आधीं प्रवासी म्हणून जाऊं व मग तेथें काम पाहूं, हा विचार घातक होय. परवान्यावांचून काम करणें तेथें गुन्हा आहे. पतीबरोबर जाणाऱ्या पत्नीस, अथवा पत्नीबरोबर जाणाऱ्या पतीस, आश्रिताचा पास मिळतो. त्यावर नोकरी करतां येत नाहीं. घरांतील दोन मिळकतींची एक होणार, हा हिशेब निघण्यापूर्वींच मांडला पाहिजे.

दुसरी गोष्ट आरोग्याची. पीतज्वराची लस टोंचून तिचा दाखला जवळ ठेवावा. टोंचल्यावर दहा दिवसांनीं तो लागू होतो, आणि २०१६ पासून तो जन्मभर ग्राह्य धरला जातो. हा दाखला नसेल तर भारतांत परततांना सहा दिवसांपर्यंत विलग राहावें लागण्याचा संभव असतो. या कडकपणाला कारण आहे. हा रोग आपल्या देशांत नाहीं, पण तो पसरविणारा डांस मात्र आहे. एक रोगी आला तरी अनर्थ ओढवेल. हिंवतापाची गोष्ट निराळी. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारें १,८०० मीटर उंच असल्यानें तेथें त्याचा उपद्रव थोडा; मोंबासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा कांठ येथें मच्छरदाणी व वैद्याचा सल्ला हीं दोन्ही हवींत. नैरोबी विषुववृत्ताजवळ असली तरी जून ते ऑगस्ट या महिन्यांत लोकरीचा कपडा लागतो. पाऊस वर्षांतून दोनदां, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, पडतो. तेथील सरकारी शाळांचें वर्ष जानेवारींत सुरू होतें, हेंही आईबापांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां भाषा. इंग्रजीवर कामकाज चालतें खरें. पण बाजाराची व शेजाराची भाषा स्वाहिली. ती मराठी कानाला अगदींच परकी वाटत नाहीं. दुकानाला ‘दुका’, वाहनाला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, विम्याला ‘बिमा’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणतात. चपाती तर चपातीच आहे. शतकानुशतकांच्या व्यापाराची ही खूण होय. घोंटाळा होतो तो वेळेचा. स्वाहिलींत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, दुपारचे बारा म्हणजे सहावा. ‘दुसऱ्या तासाला येतों’ असें सुतार म्हणाला, तर तो सकाळीं आठास येईल. दोन वाजेपर्यंत वाट पाहणाऱ्यानें त्याला दोष देऊं नये. आपल्याकडेही घटिका सूर्योदयापासूनच मोजीत असत. बोलण्याची सुरुवात खुशाली विचारून करावी. एकदम कामाला हात घालणें तेथें उर्मटपणाचें समजतात.

परंतु भाषा शिकण्याचें खरें कारण याहून खोल आहे, आणि तें इतिहासांत सांपडतें. १८९६ ते १९०१ या काळांत मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग घातला गेला. त्यासाठीं सुमारें ३२,००० हिंदी मजूर, बहुतेक पंजाबांतून, नेले होते. त्यांपैकीं सुमारें २,५०० तेथेंच मरण पावले. पुढें व्यापारी आले, कारकून आले, गोव्याचे लोक आले. १९२० पर्यंत त्या मुलुखांत रुपयाच चालत होता. उंचावरील सुपीक जमीन गोऱ्यांसाठीं राखून ठेवल्यामुळें हिंदी मनुष्य दुकानदारींतच राहिला. वर गोरे, खालीं आफ्रिकन आणि मध्यें हिंदी अशी ही उतरंड राज्यकर्त्यांनीं रचली. पण मधल्यांनींही आपल्याभोंवतीं भिंत उभी केली. गिऱ्हाइकाशीं व्यवहार होता, शेजार नव्हता. १९६३ सालीं केनिया स्वतंत्र झाला, १९६७ सालीं परवान्यांचे कायदे आले, आणि हजारों कुटुंबें विलायतेस निघून गेलीं. शेजारच्या युगांडांत १९७२ सालीं इदी अमीननें आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडावयास लावलें. त्या अन्यायाचें समर्थन होऊं शकत नाहीं. परंतु त्या वेळीं रदबदली करणारे शेजारी थोडे कां निघाले, हें विचारल्यावांचून राहवत नाहीं.

भिंत ओलांडणारेही होते. मजुरांचे पुढारी मखनसिंग अकरा वर्षें अटकेंत राहिले. गोमंतकीय घराण्यांतील पियो गामा पिंटो यांना ब्रिटिशांनीं स्थानबद्ध केलें होतें. १९६५ सालीं नैरोबींत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. औंधच्या राजघराण्यांतील अप्पासाहेब पंत १९४८ सालीं भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस गेले. आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतांत शिष्यवृत्त्या मिळवून देण्यासाठीं त्यांनीं खटपट केली आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांचा रोष पत्करला. २०१७ सालीं केनियाच्या सरकारनें आशियाई वंशाच्या नागरिकांना देशांतील चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली, त्यामागें अशा माणसांचीही पुण्याई आहे.

दोन-तीन वर्षांच्या करारावर जाणाऱ्यास वाटेल कीं या इतिहासाशीं आपला संबंध काय? संबंध आहे. घरीं काम करणाऱ्या बाईला ठरलेला पगार ठरल्या दिवशीं देणें, तिला नांवानें हांक मारणें, आपल्या मंडळाच्या सणाला शेजाऱ्यालाही बोलावणें, या लहान गोष्टींवरूनच पुढें येणाऱ्या भारतीयाची पारख होणार असते. सामानांत लोणच्याच्या बरणीशेजारीं स्वाहिलीचें एक पाठ्यपुस्तक अवश्य ठेवावें, आणि बरणी उघडण्यापूर्वीं तें उघडावें.