झोपेची गोळी एकदम बंद करू नका



परवा एका सभासदाच्या घरी बसलो होतो. तांडेल आहेत, नाव लिहीत नाही. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, "भाऊ, यांच्या झोपेच्या गोळ्या उद्या खाडीत फेकून देते. दोन वर्षं झाली, गोळीशिवाय डोळाच लागत नाही." मी म्हटलं, "वहिनी, फेकू नका. आधी डॉक्टरला दाखवा." असं का म्हटलं, ते सगळ्यांना कळावं म्हणून लिहितोय.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम ही एकाच जातीची औषधं. पट्टीवर कंपनीचं नाव मोठं असतं, औषधाचं बारीक. ते बारीक वाचा. झोप येत नसेल, जीव घाबरत असेल तर डॉक्टर ही गोळी देतात, पण बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांपुरतीच. पुढे रोज घेत राहिलं की मेंदूला सवय लागते. मग एकीने भागत नाही, दीड लागते. यात माणूस वाईट नसतो, औषधच तसं आहे.

मेंदूला शांत ठेवायचं काम गोळी करत असते. ती अचानक काढली की मेंदू उसळतो. हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते, भास होतात, आकडी येते. जीवही जाऊ शकतो.

नांदेडला लागून तेलंगणातलं निजामाबाद आहे. त्या भागात ताडीत अल्प्राझोलाम मिसळून विकत. 2015 मध्ये सरकारने कारवाई केली, तशी ताडी मिळेना. रोज पिणारे लोक आकडी आणि भास घेऊन दवाखान्यात भरती झाले. आपण गोळीच्या आहारी गेलोय हे त्यांना माहीतही नव्हतं.

आता आपल्या धंद्याचा विचार करा. पट्टी घरी राहिली आणि बोट आठ दिवस समुद्रात, तर एक-दोन दिवसांत त्रास सुरू होऊ शकतो. आणि गोळी घेऊन गुंगीत जाळं ओढणं, सुकाणू धरणं हेही तितकंच धोक्याचं. गोळीवर दारू तर अजिबात नको, श्वास मंदावतो.

मग करायचं काय?

• गोळी स्वतः बंद करू नका, स्वतः वाढवूही नका. डॉक्टर डोस थोडा थोडा उतरवतात, दर दोन-चार आठवड्यांनी एक पायरी. काही महिने लागतात.
• किती वर्षं, किती गोळ्या, दारू किती, सगळं खरं सांगा. पूर्वी आकडी आली असेल तर तेही.
• सुरुवात बंदीच्या दिवसांत केलेली बरी. माणूस घरी असतो, लक्ष राहतं.
• सुरतला न्यू सिव्हिल आणि स्मीमेरमध्ये मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं तर टेलिमानस 14416, पैसे लागत नाहीत.
• चिठ्ठीशिवाय गोळी मागू नका, दुसऱ्याची घेऊ नका.
• बोटमालकांनो, खलाशी अशी गोळी घेतो का, ते निघण्याआधी प्रेमाने विचारा. कामावरून काढायची भीती दाखवलीत तर तो लपवेल.
• आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. किनाऱ्यावर 108, समुद्रात कोस्ट गार्ड 1554.

त्या वहिनींनी पट्टी फेकली नाही. तांडेलांना घेऊन डॉक्टरकडे गेल्या. डोस उतरवणं चालू आहे. किती महिने लागतील ते लागू द्या, घाई नाही.

घरात कोणी अशी गोळी घेत असेल तर हे त्यांना वाचून दाखवा. दवाखान्यात सोबत कोणी हवं असेल तर मला सांगा, मी येतो. गोष्ट बाहेर जाणार नाही.

– सेक्रेटरी