उद्याची गोष्ट आणि आपली वस्ती

दलित साहित्याची चर्चा कविता, कथा आणि आत्मकथन या तीन प्रकारांपलीकडे सहसा जात नाही. आपली तरुण मुले प्रत्यक्षात काय वाचतात हा प्रश्न तर त्या चर्चेत येतच नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतली ग्रंथालये आणि जुन्या पुस्तकांचे ढिगारे यांच्याशी माझा अनेक वर्षांचा संबंध आहे. चाळींतून, पुनर्वसनाच्या इमारतींतून येणारी, कॉलेजात शिकणारी जी मुलेमुली तिथे भेटतात, त्यांच्या पिशवीत बाबासाहेबांच्या खंडाशेजारी पुष्कळदा विज्ञानकथेचे किंवा अद्भुतकथेचे पुस्तक असते. जयंत नारळीकर असतात, नारायण धारप असतात, मराठीत आलेला हॅरी पॉटर असतो. ज्यांना इंग्रजी जमते ती असिमॉव्ह आणि ऑर्वेल वाचतात, आणि अलीकडे ऑक्टेव्हिया बटलरचे नाव घेतात.

चळवळीतली ज्येष्ठ माणसे या वाचनाकडे पलायन म्हणून पाहतात. समाज जळत असताना परग्रहाच्या गोष्टी कसल्या वाचता, असे ती विचारतात. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण तो तपासला पाहिजे. भविष्याची कल्पना करण्याचा अधिकार कोणाचा, हा मूलतः सांस्कृतिक सत्तेचा प्रश्न आहे.

१

प्रथम या वाचनाची परंपरा पाहू. ती कालपरवाची नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळकोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचे मराठी रूप क्रमशः येत होते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने आणि नंतर 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांनी अद्भुत, गूढ आणि वैज्ञानिक कथांना हक्काची जागा दिली. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या कथास्पर्धेतून विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची पिढी पुढे आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ही नावे वाचकांना परिचित आहेत.

गिरणगावातला वाचक या परंपरेच्या बाहेर नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या ज्यांनी वाचल्या त्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. दिवसाच्या भाड्याने पुस्तक देणारी छोटी वाचनालये या वस्त्यांत होती. पाळी संपवून आलेला माणूस दहा बाय बाराच्या खोलीत, आठजणांच्या गलक्यात ती पुस्तके वाचत असे. पांढरपेशा समीक्षेने या वाचनाला अभिरुचीच्या यादीत घेतले नाही आणि आपल्या समीक्षेनेही घेतले नाही. अशा रीतीने कामगाराचे स्वप्न दोन्हीकडून बेदखल राहिले.

२

आपल्याकडे अद्भुताविषयी जो संशय आहे त्याला मात्र इतिहास आहे, आणि तो मान्यच केला पाहिजे. या देशात अद्भुताचा सर्वांत मोठा कारखाना पुराणांचा आहे. ब्रह्मदेवाच्या मुखातून एक वर्ण आणि पायांतून दुसरा वर्ण निघाला, ही कल्पितकथाच आहे. फरक एवढाच की ती कल्पित म्हणून न सांगता कायदा म्हणून सांगितली गेली, आणि तिच्या आधारे माणसांचे पाणी तोडले गेले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारकथांची चिरफाड केली. वामनाला त्यांनी बळीराजाला फसवणारा आक्रमक ठरवले. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अवतारकल्पनेला स्पष्ट नकार आहे. त्या नकारातून आलेल्या घरात चमत्काराच्या गोष्टीला दार बंद असणे स्वाभाविक आहे.

परंतु चमत्कार आणि कल्पना यांत भेद आहे. चमत्कार म्हणतो, हे असे घडले, विश्वास ठेव. विज्ञानकथा म्हणते, समजा असे घडले, तर पुढे काय होईल ते विचार कर. पहिल्यात प्रश्न विचारणारा पापी ठरतो. दुसरीत प्रश्नावाचून गोष्टच उभी राहत नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतात विमाने होती असे सांगणारा निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला अशा वेळी देतात, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रचले गेलेले आहे आणि त्यातली याने उडूच शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा खरा धोका गोष्टीला गोष्ट म्हणणाऱ्याकडून नसून गोष्टीला इतिहास म्हणणाऱ्याकडून आहे. विज्ञानकथा वाचणारे मूल हा भेद लवकर ओळखू लागते, हा माझा अनुभव आहे.

आपल्या साहित्याच्या उगमापाशीही कल्पनेचा असाच वापर दिसतो. १९५८ साली दादर-नायगावच्या बंगाली हायस्कूलमध्ये पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन करताना अण्णाभाऊ साठ्यांनी पृथ्वी तोलून धरणाऱ्या शेषनागाला त्या जागेवरून हटवले आणि तिथे दलितांचा, कष्टकऱ्यांचा तळहात ठेवला. पुराणाची प्रतिमा घेऊन तिच्यातला देव काढायचा आणि माणूस बसवायचा, ही त्यांची रीत होती. तिला कोणी पलायन म्हटले नाही.

३

आता मराठी विज्ञानकथेकडे वळू. १९७४ साली विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते जयंत विष्णु नारळीकर होते. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये हा त्यामागचा हेतू. हेतू प्रामाणिक होता आणि वैज्ञानिकाला शोभणारा होता. याच नारळीकरांना २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मराठी विज्ञानकथेचा एक कालखंड संपला.

या नावबदलाशेजारी मला बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही १९६३ सालच्या संग्रहातली कथा ठेवावीशी वाटते. एकाने नाव लपवले ते मोठेपण बाजूला ठेवून न्याय मिळावा म्हणून. दुसऱ्याच्या कथेतल्या तरुणाने जात लपवली ती राहायला खोली आणि माणसासारखी वागणूक मिळावी म्हणून. पहिल्याचे खरे नाव कळले तेव्हा कौतुक झाले. दुसऱ्याची खरी जात कळली तेव्हा मार पडला. एकाच भाषेत, एकाच काळात नावाचे हे दोन अर्थ होते. मराठी विज्ञानकथेला पहिला अर्थ ठाऊक होता. दुसऱ्याची तिने दखल घेतली नाही.

नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी घ्या. तिच्यातला वामन हा मानवापेक्षा हुशार यंत्रमानव आहे. त्याचा आराखडा एका लुप्त संस्कृतीकडून मिळतो आणि तो स्वतःसारखे वामन निर्माण करू लागला तर मनुष्यजात त्याच्या टाचेखाली जाईल, ही तिच्यातली भीती आहे. आधी लहान दिसणारा आणि मग सारे व्यापणारा, म्हणून वामन. फुल्यांनंतर शंभरहून अधिक वर्षांनी एका मराठी लेखकाला वामन हा धोका वाटला, ही फार अर्थपूर्ण गोष्ट आहे. परंतु कादंबरीत बळी कुठेच नाही. फुले वाचलेला आपला विद्यार्थी ही कादंबरी वाचतो तेव्हा ती उणीव त्याला जाणवते, आणि जाणवली की कादंबरीचा नवा अर्थ त्याच्यापुढे उलगडतो. वाचकाची जाणीवही पुस्तकाला काही देते ती अशी.

माझा आक्षेप लेखकाच्या जन्मावर नाही; तो या प्रकाराच्या सवयीवर आहे. मराठी विज्ञानकथेचा नायक बहुधा प्रयोगशाळेत, परिषदेत किंवा परदेशी विद्यापीठात असतो. यंत्र आले, की माणसामाणसांतले जुने भेद आपोआप गळून पडतील असे ती गृहीत धरते. हे गृहीत याच परळ-लालबागमध्ये खोटे ठरले आहे. हाफकिन संस्था परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली ती १८९९ साली. तिथे लस तयार होत होती आणि आजूबाजूच्या गिरण्यांत वाफेवर, मग विजेवर यंत्रे चालत होती. त्याच गिरण्यांच्या विणाई खात्यात, जिथे पगार अधिक, तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. यंत्र मँचेस्टरचे होते, विटाळ इथला होता. यंत्राने विटाळ संपवला नाही. विटाळाने यंत्राची वाटणी केली. ही घटना मराठी विज्ञानकथेने वाचली असती तर तिचे भविष्य वेगळे दिसले असते.

आणि ही गोष्ट मागच्या शतकातच संपली असे नाही. २०१४ च्या सप्टेंबरात भारताचे यान मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाला असा आदेश द्यावा लागला होता, की गटारात उतरून मेलेल्या प्रत्येक सफाई कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या. मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव २०१८ साली केरळात कामाला लागला. म्हणजे यंत्र आहे. तरीही माणूस गटारात उतरवला जातो, कारण विशिष्ट जातीचा माणूस यंत्राहून स्वस्त समजला जातो. यापेक्षा भेदक विज्ञानकथेचे बीज कोणते असू शकते?

४

बाहेरच्या जगात हे काम पूर्वीच सुरू झाले आहे. अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच डुबॉइसनी १९२० साली 'द कॉमेट' ही विज्ञानकथा प्रसिद्ध केली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरते. एक काळा पुरुष आणि एक गोरी स्त्री तेवढी उरतात, आणि काही तास वर्णभेद निरर्थक होतो. इतर माणसे जिवंत आहेत हे कळताच तो परत येतो. समाजशास्त्रज्ञाला जे सिद्ध करायला ग्रंथ लागतो, ते इथे एका कथेत सांगितले आहे. आपल्याच उपखंडात रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' लिहिले. त्यात पुरुष पडद्याआड आहेत आणि स्त्रिया सूर्याच्या उष्णतेवर राज्य चालवतात.

ऑक्टेव्हिया बटलर ही मोलकरणीची मुलगी. तिच्या 'किंड्रेड' या १९७९ च्या कादंबरीत १९७६ सालची काळी स्त्री अचानक गुलामगिरीच्या काळातल्या मळ्यावर फेकली जाते. कालप्रवास ही युक्ती इतरांनी कुतूहलासाठी वापरली. तिने पूर्वजांच्या पाठीवरचा आसूड आजच्या पाठीला जाणवावा म्हणून वापरली. बटलरला उद्देशून लिहिलेल्या पत्रांचा आणि लेखांचा एक संग्रह निघाला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक मिमी मंडल ही बंगालची दलित लेखिका, आणि त्या ग्रंथाला २०१८ साली ह्यूगो पुरस्काराचे नामांकन मिळाले. २०२४ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने जातिविरोधी विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. १९७२ साली मुंबईत पँथर जन्मली तेव्हा काळ्यांच्या लढ्याशी नाते जोडले गेले होते. ते नाते आता या वाटेनेही पुढे जात आहे.

मराठीतही सुरुवात झाली आहे. गौतमीपुत्र कांबळे यांचा 'परिव्राजक' हा कथासंग्रह २००४ साली आला. त्यातली माणसे ओळखीच्या गावात राहत नाहीत. काळ आणि स्थळ मोकळे सोडून लेखक मुक्तीचा, ज्ञानाचा, कलेचा शोध मांडतो. वेदनेची साक्ष देणे हेच दलित लेखकाचे काम, असे ज्यांना वाटते ते या कथांपुढे थबकतात. 'बलुतं', 'उपरा' या आत्मकथनांनी मराठी साहित्याला जे दिले त्याचे मोल कमी होणार नाही. परंतु आमच्याकडून जगाने फक्त भूतकाळ मागावा आणि भविष्य मात्र इतरांनी लिहावे, ही वाटणी आपण का मान्य करावी?

५

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना म्हणूनच माझे सांगणे आहे, की मुलांच्या हातातली ही पुस्तके काढून घेऊ नका. बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' बांधले ते ग्रंथांसाठी; तिथे वाचनाला विषयाची जातकुळी विचारली जात नव्हती. मुलांना फक्त काही प्रश्न सोबत द्या. या उद्याच्या शहरात झाडू कोणाच्या हातात आहे? पाणी कोण भरतो आणि कोणाला आधी मिळते? यंत्राचा मालक कोण? पात्रांची आडनावे कोणती, आणि कोणती एकदाही येत नाहीत? परग्रहावरच्या माणसाला शिवल्याने कोणाला विटाळ होतो का? या प्रश्नांनी वाचलेली कुठलीही विज्ञानकथा पलायन राहत नाही.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांची जी दुकाने लागतात, तिथे माणसे भाकरीच्या पैशांतून ग्रंथ विकत घेतात. माझ्या पाहण्यात त्या फळ्यांवर विज्ञानकथा क्वचितच आली आहे. ती यायला हवी. पण त्याआधी ती लिहिली जायला हवी. संत रविदासांनी बेगमपुरा नावाचे दुःखमुक्त शहर कल्पिले, आणि बाबासाहेबांनी समतेचे प्रजासत्ताक घटनेच्या कलमांत मांडले, तेव्हा यांतले काहीच प्रत्यक्षात नव्हते. जे नाही ते असू शकते, असे मानल्याशिवाय कोणतीही चळवळ उभी राहत नाही. आपल्या वस्तीतला जो विद्यार्थी आज रात्री मोबाइलच्या उजेडात मंगळावरची गोष्ट वाचतो आहे, त्याला कोणीतरी सांगायला हवे, की पुढची गोष्ट तू लिही आणि त्या ग्रहावर आपली माणसे कशी राहतात ते तूच ठरव.