सड्यावरचा हत्ती

"सड्यावर काय पिकतंय? नुसता कातळ!" सासूबाई म्हणायच्या. राजापूर तालुक्यातल्या आमच्या कशेळीत मीही वर्षानुवर्षं सड्यावरून गवताचे भारे वाहिले. तिथंच सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे, पोटात मासे, पक्षी, जनावरं घेऊन, हे कुठं ठाऊक होतं?

२०२२मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण यादीनं चिरेखाणी थोड्याच थांबतात? आमचा तुकडा मागायला खाणवाला आला, तेव्हा नेमकी लेकीची फी भरायची होती. हे गप्प. मीच म्हटलं, "फीसाठी माझ्या पाटल्या मोडू. मातीखाली काय दडलंय कुणास ठाऊक! चिरा कापला की चित्र परत उगवत नाही."

मैत्रिणींनो, तुमच्या सड्यावरही एकदा केरसुणी फिरवून बघा हं!