अकोटचा पिनकोड: ४४४१०१

मागच्या आठवड्यात आपण देवळालीच्या शाळेतल्या द. रा. कापरेकर मास्तरांची १९४९ सालची वजाबाकी पाहिली. संख्येचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लिहायचे आणि मोठीतून लहान वजा करायची. चारही अंक सारखे नसले, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबते.

आता सहा अंक घेऊ, आणि तेही रोजच्या वापरातले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाले. त्यांची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवीही होते. त्यांच्या पद्धतीत अकोटच्या वाट्याला ४४४१०१ आला.

या संख्येचे पुढचे तीन अंक ४४४, मागचे १०१. वजाबाकी ३४३, म्हणजे ७ × ७ × ७! आता १००१ म्हणजे ७ × ११ × १३, आणि आपली संख्या म्हणजे ४४४ × १००१ मधून ३४३ वजा. दोन्हींना ७ ने भाग जातो, म्हणून ४४४१०१ लाही जातो. भागाकार येतो ६३४४३. तो मूळ संख्या आहे. २५१ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने त्याला निःशेष भाग जात नाही. चार लाखांवरची ही संख्या दोनच मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनली आहे.

आता मास्तरांची वजाबाकी करू.

४४४११० − ०११४४४ = ४३२६६६
६६६४३२ − २३४६६६ = ४३१७६६
७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४

पुन्हा अंक लावा: ७६६४३१ − १३४६६७. उत्तर तेच! तीन पायऱ्यांत अकोट मुक्कामी पोचले. शेजारच्या अकोल्याचे, ४४४००१ चे, तसे नाही. त्यातून ४४२६५६, मग ४२०८७६ येतो, आणि पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ करत पुन्हा ४२०८७६. सात संख्यांचा हा फेरा कधी संपत नाही. अमरावतीचा ४४४६०१ चार पायऱ्यांत त्याच फेऱ्यात सापडतो. पिनकोडात इतके जवळचे आकडे वजाबाकीत इतके दूर जातात, हे मला फार सुंदर वाटते.

थांबा किंवा फेरा, दोनांपैकी एक येणारच. सहा अंकी संख्या मोजक्याच आहेत, त्यामुळे कधीतरी आधी आलेले उत्तर पुन्हा येतेच. पण ते उत्तर ४४४१०१ कधीच नसेल. दोन्ही संख्यांत अंक तेच असल्याने त्यांच्या वजाबाकीला नेहमी ९ ने भाग जातो. ४४४१०१ च्या अंकांची बेरीज मात्र १४.

सहा अंकांत थांबे दोन: ६३१७६४ आणि ५४९९४५. पाच अंकांत एकही नाही, तिथे नुसते फेरे. ते पुढच्या आठवड्यात.