कापूस गेला, त्या वाटेने मुंबई

आमच्या बेसा गावात आज कापसाचे शेत दाखवा म्हटले, तर बोटावर मोजता येतील एवढीच निघतील. नागपूर शहर दक्षिणेकडे सरकत आले आणि ज्या काळ्या जमिनीत आमच्या वडिलांनी पऱ्हाटी लावली, तिथे ले-आउटचे दगड रोवले गेले. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, सहासष्ट वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे दोन एकर उरली आहे. तिलाही गिऱ्हाईक आहे आणि दलालाच्या खेपा चालू आहेत.

यंदा संक्रांत झाली, शेवटचा वेचा निघाला, आणि दादा एकाएकी मला म्हणाले, "काय रे, आपला कापूस मुंबईले जाते असं आबाजी म्हणत. कापूस जाऊन आला, आपण काही गेलो नाही."

घरात वाद झाला. मुलाचे म्हणणे, विहिरीची मोटर आधी. दादा म्हणाले, "कोणती विहीर? शेत राहीन तं मोटर लागीन." यावर कोणी बोलले नाही. वहिनींना समुद्र पाहायचा होता, नातवाला पेंग्विन. मी सुटी टाकली. सात माणसे, एक भाड्याची गाडी, डब्यात पोळ्या, ठेचा आणि तिळाचे लाडू.

वाटेचे फार सांगत नाही. समृद्धी महामार्ग आमच्या गावापासून जवळच, शिवमडका येथे सुरू होतो आणि भिवंडी तालुक्यात आमणे येथे संपतो. लांबी ७०१ कि.मी. शिर्डीपर्यंतचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. तिथे डोंगरातून सुमारे आठ कि.मी.चा बोगदा आहे. वहिनी त्यात शिरताना हात जोडून बसल्या त्या बाहेर पडेपर्यंत. रस्ता सरळ आहे, आणि हाच त्याचा धोका. चालकाला गुंगी येते. दर दोन तासांनी थांबावे, चहा प्यावा, टायर आणि त्यातील हवा निघण्यापूर्वीच तपासावी. घिसलेल्या टायरवर या रस्त्याला जाऊ नये, हे कळकळीने सांगतो. आमणेपर्यंत आम्ही सुखाने आलो. पुढच्या थोड्याशा अंतराने मात्र दमवले. म्हणून गाडी कल्याणला पुतण्याच्या घरापाशी ठेवली आणि पुढे सगळीकडे लोकलने फिरलो. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलगाड्या कमी असतात. राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरीची लेणी सोमवारी बंद. हे आधी माहीत असले म्हणजे लेकरांचा हिरमोड होत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी पुतण्या म्हणाला, "काका, आधी नट-नट्यांचे बंगले दाखवतो." दादा म्हणाले, "मले कापूस कुठं जात होता ते दाखव."

तेव्हा कुर्ल्याला गाडी बदलून आम्ही हार्बरच्या लोकलने कॉटन ग्रीनला उतरलो. स्टेशनचेच नाव कापसावरून. पूर्वी कापसाचा बाजार कुलाब्याला भरे, तो पुढे इकडे शिवडीच्या बाजूला आणला. स्टेशनसमोर कॉटन एक्स्चेंजची उंच जुनी इमारत आहे. आपल्या वऱ्हाड-नागपूरचा कापूस आधी लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली आणि कापूस डब्यात बसला. त्याच्या आधीच, १८६१ ते ६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले होते. तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपताच तो कोसळला आणि मुंबईचे भलेभले व्यापारी बुडाले. दूरच्या देशातल्या घडामोडीने आपल्या बंडीतल्या मालाचा भाव हलतो, हे आजचे नाही.

दादा गोदामांच्या भिंतींकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. आम्हाला कापसाची गाठ एकही दिसली नाही. एका चहावाल्याला त्यांनी विचारले, तर तो म्हणाला, "कापूस? तो कुठे आता!"

तिथून गिरणगाव. चिंचपोकळी, करी रोड, लोअर परळ. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली, आणि मग या भागात भोंग्यावर माणसे उठू-झोपू लागली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यातल्या कित्येकांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. त्यांच्यात कोकणातले, घाटावरचे शेतकऱ्यांचे मुलगेच पुष्कळ. काही गावी परत गेले, काही इथेच मिळेल ते करीत राहिले. आज तिथे मान वर करून पाहावे लागेल असे टॉवर आहेत. फिनिक्स मिलच्या जागी मोठा मॉल आहे. वहिनी आत गेल्या, थंड हवा खाऊन बाहेर आल्या.

दादांनी मला विचारले, "आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल?" मी म्हटले, तिच्या जागीही मॉलच. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ती गिरणी सुरू केली. सगळे मुंबईत गिरण्या घालत असताना त्यांनी नागपूर निवडले, कारण कापूस हाताशी होता. दादा मान हलवत म्हणाले, "म्हणजे इथंही ले-आउटच पडला म्हण ना." मला त्यावर उत्तर सुचले नाही. कापूस पिकायचा ती जमीन आणि तो विणला जायचा ती जमीन, दोन्ही एकाच भावाने चालल्या आहेत, हे मी इतकी वर्षे कृषी खात्यात राहून असे समोरासमोर पाहिले नव्हते.

दुपारी महात्मा जोतिबा फुले मंडई पाहिली. जुने लोक तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. इमारत १८६९ ची. प्रवेशाच्या कमानींवर दगडात कोरलेले शेतकरी आहेत. 'शेतकऱ्याचा आसूड' लिहिणाऱ्या जोतिबांचे नाव त्या जागेला शोभते. ते कोरीवकाम लॉकवुड किपलिंग यांनी आखले. त्यांचा मुलगा रुडयार्ड मुंबईतच जन्मला. मोगलीची गोष्ट त्याची, आणि त्या गोष्टीतले सिवनीचे जंगल आपल्या शेजारचे. नातवाला हे ऐकून पेंग्विनचा काही वेळ विसर पडला. आत नागपुरी संत्री मांडलेली होती. दादांनी भाव विचारला आणि गप्प झाले. बागेत व्यापारी देतो त्याच्या तिपटीहून जास्त होता. मी त्यांना तोडणी, प्रतवारी, कॅरेट, भाडे, आडत, नासाडी असा हिशेब सांगू लागलो. घाऊक फळबाजार १९९६ पासून वाशीला आहे, तिथून माल इकडे येतो, हेही सांगितले. दादा म्हणाले, "हिशेब बराबर आहे तुझा. पण सगळ्यांचं भागते अन् झाडवाल्याचं भागत नाही."

हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांचे स्मारक आहे. त्यावर शेतकरी आणि कामगार एकत्र मशाल धरून उभे आहेत. आम्हा नागपूरकरांना १९५३ च्या नागपूर कराराची आठवण होतेच; असो, तो विषय वेगळा आहे.

दुसऱ्या दिवशी राणीची बाग, मग गेटवे. तिथली कमान १९२४ साली पुरी झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण तिच्याखालून बाहेर गेली. घारापुरीला बोटीने सुमारे तास लागतो. बोटीत बसताच जाकीट मागून अंगात घालावे, लाजू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच पाण्यात प्रवासी बोटीला अपघात होऊन माणसे दगावली. लेण्यातली शिवाची तीन मुखांची मूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. वहिनी तिच्यासमोर खाली बसल्या, त्या उठायला तयार होईनात.

सायंकाळी गिरगाव चौपाटी. लोकमान्य टिळकांना १ ऑगस्ट १९२० रोजी इथेच अग्नी दिला. त्यांचा पुतळा आहे. त्या वेळी ओहोटी होती. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, हे मी समजावत असतानाच दादा धोतर खोचून पाण्यात गेले. ओंजळ भरून त्यांनी पाणी तोंडाला लावले आणि थुंकले.

"चोपण!" ते म्हणाले. आम्ही सारे हसलो. वहिनींनी हळद-कुंकू वाहिले, नारळ सोडला. लाटेने तो दोनदा परत आणून टाकला. तिसऱ्यांदा नातवाने लांब फेकला तेव्हा गेला.

परतीच्या वाटेवर दादा फारसे बोलले नाहीत. बोगद्यातून बाहेर पडल्यावर एवढेच म्हणाले, "त्या चहावाल्याचा बाप मिलमध्येच असन." मला तो चहावाला केव्हाच विसरला होता.

बेसाला आलो त्याच्या चौथ्या दिवशी दलाल आला. दादांनी त्याला चहा पाजला आणि अर्धा तास समुद्राच्या गोष्टी सांगितल्या. सौदा झाला नाही, मोडलाही नाही. आता दोन एकरांतली पऱ्हाटी उपटून झाली आहे आणि जमीन नांगरून उन्हात पडली आहे. सरकी आणायची की नाही, हे दादांनी अजून सांगितलेले नाही. गावोगाव शेतकऱ्यांना सल्ला देत फिरणारा मी. घरात मात्र मी त्यांना विचारलेले नाही.