याआधीचा फेरफार कोणता?

वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्याला शेत घ्यायचे असेल, तर नुसता सातबारा पाहून भागत नाही. सातबारा आजचा कब्जेदार दाखवतो. त्याच्याकडे जमीन कशी आली, हे गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवहीत एकेक नोंद मागे जात तपासावे लागते. नोंदवही संगणकात गेल्यावर हाच शोध एसक्यूएल या माहितीसाठ्याच्या भाषेतला प्रश्न होतो: या गटाची याआधीची नोंद दाखव. प्रश्न सोपा वाटतो, पण एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत तक्त्यातल्या ओळींना स्वतःचा क्रमच नाही. त्यामुळे ‘आधीची’ म्हणजे कोणती, हे विचारणाऱ्यानेच सांगायला हवे.

क्रमांकातून एक वजा केला की झाले, असे कोणी म्हणेल. पण फेरफार क्रमांक गावाचा असतो, गटाचा नाही. समजा, गट 112 वर 845, 903 आणि 1260 हे फेरफार झाले. 1259 हा दुसऱ्याच कोणाच्या शेताचा असू शकतो. म्हणून अट अशी घालायची: गाव तेच, गट तोच, क्रमांक 1260 पेक्षा लहान, आणि अशा नोंदींतला सर्वांत मोठा. ‘मॅक्स’ 903 हे उत्तर देते. प्रत्येक नोंदीसमोर तिची आधीची नोंद हवी असेल, तर ‘लॅग’ वापरून ‘पार्टिशन बाय’मध्ये गाव व गट आणि ‘ऑर्डर बाय’मध्ये क्रमांक द्यायचा; पहिल्या नोंदीपुढे जागा रिकामी राहते. गाव मात्र सांकेतांकाने जुळवावे. नावांचा भरवसा नाही: जऊळका ज्या मालेगाव तालुक्यात येते, त्या नावाचा तालुका नाशिक जिल्ह्यातही आहे.

मग आधीचा क्रमांक प्रत्येक ओळीतच का लिहून ठेवू नये? तो वाचायला झटपट मिळेल, हे खरे. पण 903 नामंजूर झाला, तर 1260 मध्ये लिहिलेला दुवा चुकीचा ठरतो आणि तो आठवणीने दुरुस्त करावा लागतो. शोधाच्या वेळी ‘फक्त प्रमाणित’ ही अट घातली, तर 845 आपोआप पुढे येतो. गाव, गट आणि क्रमांक यांवर इंडेक्स असला, की वेगाची तक्रारही फारशी उरत नाही.

खरी अडचण अटींच्या अर्थात आहे. वारस नोंद मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी होऊ शकते. तेव्हा क्रम घटनेचा धरायचा की नोंदीचा? गट 112 चे हिस्से पडले, तर 112/1 चा पूर्वेतिहास 112 खाली राहतो आणि तंतोतंत जुळणी तिथेच थांबते. त्यासाठी जुन्या-नव्या गटांची जोडणी सांगणारा वेगळा तक्ता लागतो. ‘आधीची’ ठरवणारी अट कोणती, हे जमिनीचे व्यवहार कळणाऱ्याने ठरवावे आणि प्रश्नातच स्पष्ट लिहावे. नाहीतर चुकीचे उत्तरही बिनचूक दिसेल.